कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : हुन्नराचे मोल जाणणारा पुरुष

(एक सेवानिवृत्त शिक्षक, छत्रपती संभाजीनगर)



आपल्या शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटरांवर दौलताबादचा किल्ला आहे. त्या किल्ल्यावरील मेंढा तोफ आपणांपैकी बहुतेकांनी पाहिली असेल. मागील टोकास मेंढ्याचे मुख असलेल्या त्या प्रचंड तोफेवर औरंगजेब बादशहाचे नाव आहे आणि ती ओतणाऱ्या महंमद हुसेन अरब या कारागिराचेही नाव आहे. बादशहाच्या नावाशेजारी कारागिराचे नाव कोरले जावे, हा मान फारच थोड्यांच्या वाट्यास आला. तोफा ओतणारे, बंदुकीच्या नळ्या घडविणारे, तलवारींना पाणी देणारे असे हजारो हात या मुलखात राबले. पण त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांना मजुरी किती मिळाली आणि ती वेळेवर मिळाली की नाही, याची नोंद तर दूरच राहिली.

आपला समाज ऐरणीवर जगलेला समाज आहे. बलुतेदारीच्या काळी गावच्या लोहाराने वर्षभर कुणब्यांचे फाळ पाजवावेत, विळ्या-खुरप्यांना धार लावावी, गाडीच्या चाकास धाव चढवावी, आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यावा, अशी रीत होती. त्या व्यवस्थेत एका कामाचा एक दाम असा हिशेब नव्हता. मग सल्ल्याचा हिशेब कोठून असणार? पुढे बलुते गेले, रोख पैसा आला. परंतु गिऱ्हाइकाची जुनी सवय मात्र गेली नाही. लोखंडाचे पैसे द्यावयाचे असतात, हे त्यास कळते. हाताचे पैसे द्यावयाचे असतात, हेही तो कुरकुर करीत मान्य करतो. पण कारागिराच्या डोळ्यांस, अनुभवास आणि वेळेस काही मोल असते, हे त्याच्या मनात सहसा येत नाही.

माझ्या वडिलांचे लहानसे दुकान होते. परवान्याच्या बंदुकांची दुरुस्ती हे त्यांचे मुख्य काम. पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुका बाळगणारे शेतकरी तालुक्यांतून येत. एखादा गृहस्थ आजोबांच्या वेळची गंजलेली बंदूक घेऊन येई व ही चालेल काय, एवढेच विचारी. सन १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे दुरुस्तीच्या कामासही परवाना लागतो. त्यामुळे प्रथम गिऱ्हाइकाचा परवाना पाहणे, वहीत नोंद करणे, मग घोडा उतरविणे, कमान तपासणे, नळीत गज घालून आतील गंज किती खोल गेला आहे ते पाहणे, असा अर्धा दिवस जाई. सर्व ऐकून घेऊन तो गृहस्थ बंदूक उचली, आणि वडिलांनी सांगितलेला दोष दुसरीकडे कमी पैशांत काढून घेई. त्या अर्ध्या दिवसाचा एक पैसाही वडिलांच्या हाती पडत नसे.

दोष सर्वस्वी गिऱ्हाइकाचाच असे, असेही म्हणवत नाही. एका शेतकऱ्याची बंदूक पोळ्यापर्यंत देतो असे वडिलांनी कबूल केले आणि ती दिली नवरात्र उलटल्यावर. तोवर रानडुकरांनी त्याचा भुईमूग उकरून टाकला होता. तो मनुष्य रागावला नाही, भांडला नाही. ठरलेले पैसे मोजून निघून गेला. त्या रात्री वडील जेवले नाहीत. पुढल्या बाजारच्या दिवशी त्यास गाठून त्यांनी निम्मे पैसे परत केले. तेव्हा मी लहान होतो. कारागिराचा वेळ जसा मोलाचा, तसाच गिऱ्हाइकाचाही वेळ मोलाचा असतो, हे मला त्या दिवशी प्रथम समजले.

हा वेळेचा, भावाचा आणि सल्ल्याचा प्रश्न ज्याने आपल्या आयुष्यात प्रत्यक्ष सोडविला, अशा एका थोर पुरुषाचे चरित्र यंदा आपणांपुढे ठेवीत आहे. ते जन्माने आपल्या ज्ञातीचे नव्हते. वेदान्त जाणणाऱ्या ब्राह्मण पित्याच्या पोटी जन्मलेल्या या पुरुषाने लोखंड हा आपला धर्म मानला. कर्माने ते आपलेच होत. ते म्हणजे उद्योगमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर.

बालपण व शिक्षण

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत हे शास्त्राभ्यासात रमणारे गृहस्थ होते. थोरले बंधू रामुअण्णा, मधले वासुदेवराव व धाकटे लक्ष्मणराव. वासुदेवराव पुढे डॉक्टर झाले. धाकट्याचे लक्ष मात्र शाळेच्या पुस्तकांत लागेना. चित्रे काढावीत आणि यंत्रांशी खेळावे, एवढेच त्यास आवडे. अशा मुलाविषयी घरच्या माणसांस काय वाटते, हे आम्हां शिक्षकांस चांगले ठाऊक आहे.

सन १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईस जाऊन सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले. वडिलांची नाराजी होती. रामुअण्णांनी पाठबळ दिले. दोन वर्षे चित्रकलेचा अभ्यास झाल्यावर लक्ष्मणरावांस काही रंग नीट ओळखता येत नाहीत, असे आढळून आले. चित्रकार होऊ इच्छिणाऱ्या तरुणावर याहून मोठा आघात कोणता? दुसरा कोणी असता तर गावी परतून नशिबाला दोष देत बसला असता. लक्ष्मणरावांनी रंगांचा नाद सोडला आणि यांत्रिक रेखनाकडे मन वळविले. रेषेस रंग लागत नाही. त्याच विषयाच्या बळावर पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्थेत त्यांना शिक्षकाची जागा मिळाली. तेथील कर्मशाळेत यंत्रे खोलावीत, पुन्हा जोडावीत, त्यांचे गुणदोष समजून घ्यावेत, असा त्यांचा क्रम चालू झाला. त्यांचे खरे विद्यापीठ म्हणजे ती कर्मशाळा होय.

सायकलीचे दुकान

त्या काळी सायकल ही अपूर्वाईची वस्तू होती. मुंबईत ती पाहताच लक्ष्मणरावांच्या मनात व्यापाराची कल्पना आली. मुंबईहून त्यांनी सायकली खरेदी करून पाठवाव्यात व बेळगावास रामुअण्णांनी त्या विकाव्यात, असे दोघा भावांचे ठरले. सन १८८८ मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स या नावाने हा व्यवहार सुरू झाला. आज देशोदेशी ठाऊक असलेल्या नावाचा आरंभ अशा एका सायकलीच्या दुकानात झाला.

या दुकानातील एक लहानशी गोष्ट माझ्या मते फार मोठी आहे. सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये असे. त्या वेळच्या मानाने ही रक्कम मोठीच. इतके पैसे मोजणाऱ्या धनिकास सायकलीवर बसणे तरी कोठे येत होते? ते रामुअण्णा शिकवीत. आणि त्या शिकवणीचे पंधरा रुपये वेगळे घेत. हजार रुपयांच्या वस्तूबरोबर पंधरा रुपयांचे शिकविणे फुकट सोडून देणे सोपे होते. आपल्यापैकी कोणीही तसेच केले असते व वर उदारपणाचे समाधान मानले असते. पण शिकवणाऱ्याचा वेळ जातो, अंगाला घाम येतो, कधी शिकणाऱ्याबरोबर त्यालाही पडावे लागते. त्याचा दाम वेगळा, हे या भावांनी पहिल्यापासून ठरविले, आणि गिऱ्हाइकांनीही तो दिला. दाम आधी सांगितला की गिऱ्हाईक विचार करून होय किंवा नाही म्हणते. मागाहून मागितला की भांडण होते. व्यवहाराचे हे सूत्र पंधरा रुपयांत सामावले आहे.

इकडे मुंबईच्या संस्थेत लक्ष्मणरावांस मिळावयाची बढती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. पात्रता असूनही केवळ वर्णामुळे डावलले जाण्याचे हे दुःख होते. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला व ते बेळगावास येऊन भावाच्या दुकानात दाखल झाले. सरकारी छत्राखालील निश्चित पगार सोडून पान्हे आणि हातोडा हाती घेण्यास त्या काळी केवढे धैर्य लागले असेल, याची कल्पना करावी.

लोखंडी नांगर

सायकली विकणे व दुरुस्त करणे यावर लक्ष्मणरावांचे समाधान होणारे नव्हते. आपल्या देशातील बहुसंख्य लोक शेतकरी. त्यांच्या उपयोगाचे यंत्र आपण का करू नये, हा विचार त्यांस स्वस्थ बसू देईना. परदेशी पुस्तके व मासिके त्यांनी वाचून काढली. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले, आणि सन १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर हाती घेतला.

नांगर तयार झाला, पण घेणारा मिळेना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती. वाडवडिलांचा लाकडी नांगर गावच्या सुताराकडून बलुत्यात होत असता रोख पैसे टाकून हा परका नांगर घ्यावा कशाला, असाही प्रश्न त्याच्यामागे असणारच. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. दोन वर्षे! आपल्या दुकानात तयार केलेला माल दोन महिने पडून राहिला तर आपण तो मोडीत काढतो. लक्ष्मणरावांनी नांगर मोडीत काढला नाही. तो कसा धरावा, किती खोल घालावा, बैल कसे जुंपावेत, जमीन उलटल्याने तण कसे मरते, हे समजावून देण्यास त्यांनी आळस केला नाही.

येथे वाचकांच्या मनात शंका येईल. सायकल शिकविण्याचे पैसे घेणारा हा माणूस नांगराची माहिती फुकट कशी देतो? मला वाटते, याच ठिकाणी त्यांचे शहाणपण आहे. सायकल घेणारा हौसेने आला होता. त्यास वस्तू हवी होती आणि शिकवणीही हवी होती. नांगरापासून शेतकरी दूर पळत होता. त्याच्या मनातील भीती काढणे हा मालकाचाच गरजेचा भाग होता. जो सल्ला गिऱ्हाइकाची गरज भागवितो त्याचा दाम गिऱ्हाइकाने द्यावा. जो सल्ला आपल्या मालास वाट करून देतो त्याचा खर्च आपण सोसावा. सोसलेला तो खर्च मालाच्या किमतीत कोठेतरी धरावा लागतो, हे मात्र विसरू नये.

केवळ हुन्नर उत्तम असून भागत नाही, याचे एक उदाहरण बंदुकीच्याच धंद्यातील आहे. लंडन शहरात जोसेफ मॅन्टन (१७६६-१८३५) नावाचा बंदूककार होऊन गेला. शिकारीच्या बंदुकीस आजचे डौलदार रूप देण्यात त्याचा वाटा फार मोठा. त्याच्या नेमबाजीच्या जागेत कवी बायरनसारखे लोक सरावास येत. त्याच्या बंदुका त्या काळच्या अतिशय महाग बंदुकांत मोडत, तरी अमीर-उमराव त्या घेत. नवनवे शोध लावून त्याने त्यांचे हक्क मिळविले. पण त्या हक्कांसाठी कोर्टकचेऱ्या आणि सरकारी तोफखात्याशी वाद करण्यात त्याचा पैसा गेला, व सन १८२६ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. त्याच्याच हाताखाली काम केलेला जेम्स पर्डी नावाचा कारागीर त्याच वर्षी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील त्याच्या जागेत येऊन राहिला, आणि पर्डीचे दुकान आजही लंडनात नांदते आहे. गुरूच्या हातात कला होती. शिष्याने कलेबरोबर दुकानही सांभाळले. मॅन्टनचे नाव हिंदुस्थानातही कलकत्त्याच्या दुकानामुळे पुष्कळ वर्षे गाजत राहिले. पण ज्याचे नाव एवढे गाजले त्याचे अखेरचे दिवस कर्जात गेले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ओसाड माळावरील वसाहत

नांगरास थोडीबहुत मागणी येऊ लागली, तोच बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वस्तीच्या आखणीसाठी कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. जागा नाही, हाती पैसा नाही, यंत्रे तर उभी आहेत, अशी अवस्था झाली. औंधचे संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकलेचे मर्मज्ञ. लक्ष्मणरावांशी त्यांचा स्नेह होता. त्यांनी लक्ष्मणरावांस आपल्या संस्थानात येण्याचे निमंत्रण दिले, पैशाचे साहाय्य केले आणि कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन दिली.

जमीन म्हणजे निव्वळ माळरान होते. निवडुंगाची दाट बने, त्यांत नागसापांची वस्ती, आणि पाण्याची टंचाई. सन १९१० च्या मार्च महिन्यात लक्ष्मणराव पंचवीस कामगार व त्यांची कुटुंबे यांसह तेथे उतरले. निवडुंग तोडून त्यांनी राहण्यास घरे व काम करण्यास छपरे उभी केली. हीच किर्लोस्करवाडी. पुढे रेल्वे स्थानकासही तेच नाव मिळाले. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनी या माळावरील संसारात जे कष्ट उपसले, त्यांचा हिशेब कोणत्याही कंपनीच्या वहीत सापडणार नाही.

या वसाहतीत माणसे कशी निवडली गेली, ते पाहण्यासारखे आहे. शंभूराव जांभेकर हे यंत्रकामात पटाईत, रामुअण्णा व्यवस्थेत निष्णात, मंगेशराव रेगे हिशेबात चोख, के. के. कुलकर्णी यांच्यापाशी पदवी नव्हती, परंतु कोणत्याही कामास त्यांची ना नसे; अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्ध्यावर सोडली होती, परंतु यंत्राची कल्पना त्यांस उपजतच होती. पूर्वी दरोड्यांबद्दल शिक्षा झालेल्या दोघांस रात्रीच्या पहाऱ्यावर नेमण्यात आले आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. मनुष्याची जात वा प्रमाणपत्र न पाहता हात आणि मन पाहणारा हा मालक होता. वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा त्यांनी नियम घातला. सन १९१० नंतरच्या त्या काळात ही गोष्ट बोलण्यापुरतीसुद्धा अवघड होती. त्यांनी ती आचरून दाखविली.

तोफांचे नांगर झाले

सन १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. विलायती माल येणे बंद पडले, म्हणून देशी नांगरास मागणी वाढली. परंतु त्याच कारणाने कच्चे लोखंड, कोळसा व रंगही मिळेनासे झाले. गिऱ्हाईक दारात उभे आहे आणि भट्टीत टाकण्यास लोखंड नाही, यासारखी कोंडी कारागिरास दुसरी नाही. अशा वेळी दोनच वाटा दिसतात. एक, भाव चौपट करावा. दुसरी, उद्या या, परवा या असे सांगत राहावे. लक्ष्मणरावांनी तिसरी वाट शोधली. कोळशाच्या जागी लाकूड वापरून पाहिले, रंग वाडीतच तयार केला, आणि लोखंडासाठी त्यांची दृष्टी जुन्या किल्ल्यांवर गंजत पडलेल्या तोफांकडे गेली.

कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती यांनी आपल्याकडील जुन्या निरुपयोगी तोफा नांगरांसाठी त्यांस दिल्या. ज्या तोफांनी एके काळी तटबंदी फोडली, त्या वितळल्या आणि त्यांतून जमीन नांगरणारे फाळ निघाले. आपल्या पूर्वजांपैकी कोणी त्या तोफा घडविल्या असतील. आणि वाडीच्या भट्टीपाशी उभ्या असलेल्या कोणा लोहाराच्या पोराने त्या वितळविल्या असतील. लोखंड तेच, अग्नी तोच, हातही तेच; बदलले ते काम. शस्त्रे घडविणाऱ्या हातांना शेतीत केवढा मान आहे, हे त्या भट्टीने दाखविले. इतिहासाच्या तासाला मी मुलांना ही हकीकत न चुकता सांगत असे, आणि एरवी खिडकीबाहेर पाहणारी मुलेही त्या वेळी माझ्याकडे पाहत.

उत्तरायुष्य

युद्ध संपल्यावर सन १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी म्हणून नोंदली गेली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याची व मालाची माहिती लोकांस द्यावी, या हेतूने निघालेले ते पत्र पुढे किर्लोस्कर मासिक म्हणून महाराष्ट्रातील घराघरांत गेले; १९३० मध्ये त्याच्या जोडीस स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर ही मासिके आली. दुकानाच्या पायरीवर एकेका गिऱ्हाइकास सांगावयाची गोष्ट छापून हजारांस सांगता येते, आणि कारागिराचा वेळही वाचतो, हे या घराण्याने किती लवकर ओळखले!

चिरंजीव शंतनुराव यांस लक्ष्मणरावांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षणाच्या विख्यात संस्थेत शिकण्यास पाठविले. ते १९२६ मध्ये पदवी घेऊन परतले आणि वाडीच्या कामात रुजू झाले. त्याच सुमारास कारखान्यात पाण्याचे पंप तयार होऊ लागले. पुढे तेलावर चालणारी इंजिने आली, उसाचे चरक आले, लेथ यंत्रे आली. १९४१ मध्ये हरिहर येथे, आणि १९४६ मध्ये पुणे व बंगळूर येथे नवे कारखाने निघाले. मराठवाड्यातील विहिरींवर मोट जाऊन इंजिन व पंप आले, तेव्हा किर्लोस्कर हे नाव शाळेत न गेलेल्या शेतकऱ्याच्याही तोंडी बसले.

उतारवयात लक्ष्मणरावांना एक कठोर प्रसंग पाहावा लागला. सन १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यास आग लावण्यात आली. अडतीस वर्षांच्या श्रमांची राख झाली. तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. परंतु कारखाना पुन्हा उभा राहिला. दिनांक २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. सन १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आपण काय घ्यावे

थोरांची चरित्रे वाचून हार घालावा व पुढील वर्षापर्यंत विसरून जावे, हे योग्य नव्हे. आपल्या शहरातील चिकलठाणा आणि वाळूज येथील कारखान्यांत आपली पुष्कळ मुले कामास आहेत. काहींची स्वतःची लहान दुकाने आहेत. कोणी मोटारी दुरुस्त करतो, कोणी पंप, कोणी शेतीची अवजारे. परवान्याच्या बंदुकांचे काम करणारी घरे आता बोटांवर मोजण्याइतकी. पण तक्रार सर्वत्र एकच ऐकू येते: गिऱ्हाईक वेळ खाते, भाव पाडते आणि सल्ला फुकट मागते. गिऱ्हाइकांचीही एक तक्रार असते: मिस्त्री वायदा पाळीत नाही आणि शेवटी सांगितलेल्यापेक्षा जास्त मागतो. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, आणि दोन्हींचे मूळ एकच, की काम हाती घेण्यापूर्वी मोकळे बोलणे होत नाही.

लक्ष्मणरावांच्या चरित्रावरून मला चार गोष्टी सुचतात. वस्तू उघडून तपासण्याचाही दाम असतो. तो भिंतीवर लिहून ठेवावा, व काम आपल्याकडेच दिले तर तो मजुरीतून वजा करावा. दिवस सांगताना मनातील दिवसात चार दिवस मिळवून सांगावा, आणि मग प्राण गेला तरी पाळावा. भुईमूग आपली वाट पाहत थांबत नाही. होणार नाही ते काम होणार नाही असे पहिल्याच भेटीत सांगावे, त्यात कमीपणा नाही. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: ज्या सल्ल्याने माणसाचा जीव वाचतो, तो सल्ला विकू नये. नळीस चीर गेली आहे, ही बंदूक उडवू नका. यंत्राची ही तार उघडी आहे, हात लावू नका. हे सांगण्याचे पैसे माझ्या वडिलांनी कधी घेतले नाहीत. बाकीच्या अर्ध्या दिवसाचे मात्र त्यांनी घ्यावयास हवे होते, असे आज मला वाटते. ते त्यांनी घेतले असते तर दुकान कदाचित त्यांच्या मागेही राहिले असते.

आणखी एक विनंती. आपण सर्वजण दुकानात कारागीर असलो तरी दुकानाबाहेर गिऱ्हाईकच असतो. शिंप्याकडे, चांभाराकडे, वैद्याकडे, मुलांच्या शिक्षकाकडे जाताना आपणही घासाघीस करतो व जाता जाता एक गोष्ट फुकट विचारून घेतो. ज्या मोलाची आपण दुसऱ्याकडून अपेक्षा करतो, ते आपणही द्यावे.

मेंढा तोफेवर कारागिराचे नाव बादशहाच्या मर्जीने कोरले गेले. किर्लोस्करांचे नाव नांगरावर आले ते कोणाच्या मर्जीने नव्हे. दोन वर्षे न विकल्या गेलेल्या नांगराच्या पाठीशी उभे राहिल्याने आले. आपल्या पोरांच्या हातून होणाऱ्या प्रत्येक कामावर, दिसो वा न दिसो, असेच एक नाव कोरलेले असते. ते नाव पुसले जाणार नाही अशा भावाने, अशा वेळेवर आणि अशा सचोटीने काम करण्याची बुद्धी श्रीविश्वकर्मा आपणां सर्वांस देवो, अशी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.